१४ ऑक्टोबरची सुट्टी : आपल्या नावाने आणि पगारी

ऑक्टोबर जवळ आला की वस्तीतल्या अभ्यासिकेत मुले आम्हाला हमखास विचारतात, "धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सुट्टी आहे का?" सरळ उत्तर देता येत नाही. दसऱ्याला आहे, १४ ऑक्टोबरला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी अशोक विजयादशमी होती. म्हणून नागपुरात आपण हा दिवस तिथीनेही साजरा करतो आणि तारखेनेही. सरकारी यादीत मात्र सुट्टी आहे ती 'दसरा' या नावाने. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्याच दिवशी आला. दोन सुट्ट्यांची एक झाली आणि १४ ऑक्टोबर हा कामाचा मंगळवार राहिला.

या दिवसाची स्वतंत्र सार्वजनिक सुट्टी मागायला हवी, असे आमचे मत आहे. पण ती कशासाठी आणि कोणासाठी, हे आधी आपल्यालाच स्पष्ट असायला हवे.

हा गुलामी संपवण्याचा दिवस का?

काही तरुण विचारतात, दीक्षा ही श्रद्धेची गोष्ट, तिचा गुलामीशी काय संबंध? भारतात कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामाच्या मालकीची न्यायालयीन मान्यता काढून घेतली. ती तारीख कोणी साजरी करत नाही, कारण गावकुसाबाहेर त्याने काहीच बदलले नाही. वेठ चालू राहिली, पाणवठे बंद राहिले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. इथली गुलामी संपलेली नाही, हेच त्यांना सांगायचे होते.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना एक महत्त्वाचा फरक दाखवला. गुलामाला आपण गुलाम आहोत हे ठाऊक असते. अस्पृश्यतेत माणसाला गुलाम केले जाते, पण त्याला त्याची जाणीवही होऊ दिली जात नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले, तेच आजचे कलम १७. कायद्याने बाहेरची बेडी तोडली. मनातली बेडी तोडण्यासाठी माणसाने स्वतः नकार द्यावा लागतो. १९३५ मध्ये येवल्यात जाहीर केलेला तो नकार २१ वर्षांनी नागपुरात लाखो लोकांनी एकत्र उच्चारला. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान असल्याची आणि आपला नवा जन्म होत असल्याची प्रतिज्ञा आहे ती यासाठीच. त्या वेळच्या भाषणात बाबासाहेबांनीही नरकातून सुटल्याची भावना बोलून दाखवली होती.

इतरांनी काय केले?

अमेरिकेत लिंकनची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाली. टेक्सासमधल्या गुलामांना ती कळली १९ जून १८६५ रोजी. पुढच्या वर्षापासून त्यांनी हा दिवस साजरा करायला सुरुवात केली. ह्यूस्टनमध्ये तर १८७२ साली मुक्त झालेल्या लोकांनी पैसे गोळा करून या सोहळ्यासाठी दहा एकर जमीन घेतली. आपली दीक्षाभूमी आठवावी अशी ही गोष्ट. टेक्सासमध्ये १९८० पासून सुट्टी मिळाली आणि देशभर २०२१ मध्ये. म्हणजे लोकांनी दीडशे वर्षे आधी दिवस पाळला, मग सरकारने तो मानला.

त्रिनिदाद आणि टोबॅगोने १९८५ मध्ये १ ऑगस्ट हा मुक्तिदिन राष्ट्रीय सुट्टी केला. त्याआधी तिथे कोलंबसाच्या नावाने सुट्टी होती. सुट्टीचे नाव बदलले की शाळेतल्या मुलाला त्या दिवशी कोणाची गोष्ट सांगायची, तेही बदलते. आपला आग्रह नावासाठी आहे तो याच कारणाने.

सुट्टी मिळते कोणाला?

इथे आपल्या चळवळीने थोडे थांबून विचार करावा. राज्य सरकार १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम २५ खाली सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढते. १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा त्यात आहेतच. पण या यादीचा लाभ मुख्यतः सरकारी कार्यालये आणि बँकांना होतो. बांधकामावरचा मजूर, धुणीभांडी करणारी ताई, कंत्राटी सफाई कामगार यांना ती लागू होत नाही. त्यांनी दीक्षाभूमीवर यायचे तर रोजी बुडते. सोहळ्यानंतर रस्ते झाडणाऱ्यांत आपलेच भाऊबहीण असतात. मुक्तीच्या दिवशी त्यांचीच मजुरी कापली जात असेल, तर ती सुट्टी फक्त नोकरदारांची झाली.

खासगी क्षेत्रासाठी एक वाट आजही उघडी आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या असतात. त्या चारांत १४ ऑक्टोबर घालण्याची मागणी कामगार आजच करू शकतात. "आधीच सुट्ट्या फार झाल्या" या आक्षेपालाही यात उत्तर आहे, कारण एकही दिवस वाढत नाही.

आपण काय करावे?

म्हणून मागण्या तीन असाव्यात. राज्याच्या यादीत १४ ऑक्टोबर 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' या नावाने यावा. महापालिका आणि सरकारी खात्यांतील कंत्राटी कामगारांना त्या दिवसाची पगारी सुट्टी मिळावी, आणि ज्यांना सोहळ्याच्या सेवेसाठी काम करावेच लागते त्यांना दुप्पट मजुरी किंवा बदली सुट्टी मिळावी. आदल्या दिवशी शाळांमध्ये या दिवसाची माहिती द्यावी.

निवेदने आपण खूप दिली. या वेळी सुरुवात आपल्या घरापासून करू. ज्यांच्या घरी कामाला बाई येतात, त्यांनी १४ ऑक्टोबरला पगार न कापता सुट्टी द्यावी. ज्यांचे दुकान किंवा संस्था आहे, त्यांनी ही सुट्टी आपल्या यादीत लिहावी. तरुणांनी नोव्हेंबरमध्येच आपल्या कंपनीत सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन अर्ज द्यावा. जानेवारी उजाडला की त्या वर्षाची यादी ठरलेली असते.

जय भीम!