कायद्याच्या अभ्यासाआधीची उन्हाळी सुटी

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी ‘जीसीएसई’ परीक्षा दिल्यानंतर विद्यार्थी पुढील दोन वर्षांच्या ‘ए लेव्हल’ अभ्यासक्रमासाठी बहुधा तीनच विषय निवडतात, आणि त्यांत कायदा घेणाऱ्या बहुतेकांनी तो विषय शाळेत पूर्वी कधी शिकलेला नसतो. गणिताच्या शिक्षकाला मागील इयत्तांचा आधार असतो, कायद्याच्या शिक्षकाला तो नसतो. म्हणूनच जूनमधील परीक्षा आणि सप्टेंबरमधील नवे सत्र यांच्यामधल्या सुटीत अनेक शाळा पूर्वतयारीचा अभ्यास देतात. फौजदारी आणि दिवाणी कायद्यातील भेद, न्यायालयांची उतरंड, पारिभाषिक शब्दांची यादी असे त्याचे नेहमीचे स्वरूप असते. ही माहिती आवश्यक असली तरी ती सत्र सुरू झाल्यावरही पाठ करता येते. खरी अडचण निराळीच आहे: कृत्य वाईट आहे म्हणून ते गुन्हा ठरतेच, असे नवा विद्यार्थी गृहीत धरतो.

ही समजूत दूर करण्यास 1968 च्या चोरीविषयक अधिनियमाचे पहिले कलम उत्तम साधन आहे. दुसऱ्याची मालमत्ता, ती कायमची हिरावण्याच्या उद्देशाने, अप्रामाणिकपणे आपलीशी करणे म्हणजे चोरी, अशी व्याख्या तेथे असून तिच्यातील प्रत्येक घटकाचे स्पष्टीकरण पुढील पाच कलमांत येते. एखाद्याने दुकानाबाहेरची परकी सायकल न विचारता स्थानकापर्यंत नेली आणि मालकाला ती परत मिळेल अशा बेताने तेथे ठेवली, तर विद्यार्थी त्याला तत्काळ चोर ठरवतात. परंतु कायमचे हिरावण्याचा उद्देश नसल्याने ही चोरी ठरत नाही, आणि अशा वापरासाठी त्याच अधिनियमाच्या बाराव्या कलमात वेगळा, सौम्य गुन्हा सांगितलेला आहे. व्याख्येचे घटक सुटे करून प्रत्येक घटक घटनेला लावून पाहणे, हेच पुढे दोन वर्षे करावयाचे असते.

भारतातील नियम येथे वेगळा आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे. जोधपूरच्या दोन प्रशिक्षणार्थींनी 1952 मध्ये हवाई दलाचे विमान परवानगीविना पाकिस्तानात नेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये वस्तूपासून तात्पुरते वंचित करणेही चोरीस पुरेसे मानले. तेव्हा इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलाला घरातील वडीलधाऱ्यांनी भारतीय कायद्याच्या भरवशावर उत्तर सांगू नये, हे बरे.

दुसरी सवय निवाडे वाचण्याची. पूर्वीच्या वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय खालच्या न्यायालयांवर बंधनकारक असतो, पण बंधन असते ते निर्णयाला आधारभूत झालेल्या तत्त्वाचे. न्यायाधीशाने जाता जाता मांडलेल्या मताचे नव्हे. पेस्लीच्या उपाहारगृहात 1928 मध्ये जिंजर बीअरच्या बाटलीत गोगलगाय सापडल्याच्या तक्रारीतून उभा राहिलेला ‘डोनोघ्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ हा 1932 चा निवाडा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी वाचतो, आणि बहुतेकांच्या लक्षात गोगलगायच राहते. वास्तविक ती बाटलीत होती की नाही हे न्यायालयात कधी सिद्धच झाले नाही; तक्रारीतील हकीकत खरी मानली तर उत्पादकावर ग्राहकाविषयी काळजीचे कर्तव्य येते काय, एवढाच प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे होता आणि त्याचे होकारार्थी उत्तर तीन विरुद्ध दोन अशा मतांनी मिळाले. विरोधी मते वाचल्याने जो लाभ होतो तो कोणत्याही सारांशातून होत नाही.

यापुढे जाऊन सुटीत जाडजूड पाठ्यपुस्तक संपवण्याचा आग्रह धरणे व्यर्थ होय. त्याऐवजी एखादा दिवस जवळच्या मॅजिस्ट्रेट न्यायालयात बसावे. तेथील बहुतेक सुनावण्या सर्वांना खुल्या असतात आणि त्यांसाठी शुल्क लागत नाही. पालकांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी: विद्यापीठात कायद्याची पदवी घेण्यासाठी ए लेव्हलला कायदा हा विषय सहसा सक्तीचा नसतो, त्यामुळे ज्या मुलाला अशा युक्तिवादात रस वाटत नाही त्याने निव्वळ वकील होण्याच्या इच्छेपोटी तो घेण्याचे कारण नाही.