स्टॉर्म घेताय? आधी सस्पेन्शन बघा!

दोन सीट्स, उघडं छप्पर आणि सुस्साट वारा! स्पोर्ट्स कारचं हे स्वप्न फक्त परदेशी शोरूममध्येच मिळतं, असं वाटतं तुम्हाला? मग जरा गोव्याकडे बघा. सॅन मोटर्सची ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लास बॉडीची टू-सीटर चक्क गोव्यात तयार व्हायची. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद साधारण ६० बीएचपी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही गाडी पुढे बंद झाली. आता मिळेल ती सेकंड हँडच, तीही नशीब जोरावर असेल तर!

गाडी हातात आली की पहिला बेत अर्थातच मुंबई-गोवा हायवेचा. या रस्त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं, म्हणजे ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. पेण, वडखळ ओलांडून गडब येईपर्यंत जुनी गाडी आपलं खरं वय सांगून टाकते. खालून खडखड, ब्रेक मारला की नाक जमिनीला!

मग गॅरेजकडे धाव. ‘सस्पेन्शन अपग्रेड करायचंय, बॉस!’ अनेकांच्या डोक्यात अपग्रेड म्हणजे कडक स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवणं. जरा थांबा. स्प्रिंग वजन पेलते, दणका झेलते. तिची उसळी आवरतो तो शॉकअप. शॉकअप थकलेला असताना कडक स्प्रिंग बसवली, तर खड्ड्यावर चाक टप्पे खात सुटतं. रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक कुठून लागणार? समोर एसटी उभी असेल, तर हा प्रश्न पैशांचा राहत नाही.

म्हणून खरेदीआधी एवढं बघाच :

• गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडा. एका झोक्यात स्थिरावली तर ठीक, डुलतच राहिली तर शॉकअप गेला.
• शॉकअपवर तेल ओघळलंय? बदला, आणि एका अ‍ॅक्सलची जोडी एकदमच बदला.
• रबरी बुश तडकलेत का, टायर उंचसखल झिजलाय का, तेही तपासा.
• फायबरची बॉडी गंजत नाही, पण खालचं पोलाद गंजतं. कोकणातला पाऊस आणि खारी हवा लक्षात घेऊन गाडी लिफ्टवर चढवूनच पाहा.

खर्चाचा क्रमही ठरवून घ्या : आधी बुश आणि बॉल जॉइंट, मग शॉकअप आणि टायर, शेवटी अलाइनमेंट. एवढ्यानेच गाडी बदलल्यासारखी वाटेल. कंपनीच बंद झाल्यावर काउंटरवर पार्ट मिळणं कठीण. त्यामुळे जुना शॉकअप फेकू नका. नव्याची लांबी, खाली-वर होण्याची मर्यादा आणि बसवायची जागा त्याच्याशीच जुळवायची आहे.

आणि हो, कायदा! आरसीवरच्या मूळ तपशिलाशी फारकत घेणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं. मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारा, इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा.

काम झालं की दोन्ही सीट भरून, नेहमीचं सामान टाकून, बेताच्या स्पीडने गडबपर्यंत एक फेरी मारा. स्टिअरिंग सरळ राहिलं, खालून आवाज आला नाही, की खुशाल गोव्याचं बुकिंग करा!