पेटी-तबल्याचा वर्ग आणि मुलांची मनगटे

परीक्षा संपल्या की गावोगावी उन्हाळी वर्गांच्या पाट्या लागतात. पेटी, तबला, बासरी, की-बोर्ड. मूल वाद्याला हात लावते ही आनंदाचीच गोष्ट. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखाद्याचे मनगट, एखादीचा खांदा दुखू लागतो आणि घरचे म्हणतात, "सुरुवातीला दुखायचेच, होईल सवय." हे दुखणे कोणते, ते आधी पाहिले पाहिजे.

तबला वाजवून बोटांची टोके हुळहुळली किंवा गिटारच्या तारांनी चुरचुरली, तर काळजी नको. कातडी काही दिवसांत निबर होते. मनगट, कोपर, मान किंवा पाठ दुखणे, बोटांना मुंग्या येणे ही मात्र सवयीने जाणारी तक्रार नव्हे. वर्षभर ज्या हाताने फक्त पेन्सिल धरली, त्याला शिबिरात एकदम रोज दोन तास बडवायला लावले, तर स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, सुजतात. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना जास्त वेळ लागतो. सात-आठ वर्षांच्या मुलाने आरंभी सलग दहा-पंधरा मिनिटेच वाजवावे, हात मोकळे करावेत, मग पुन्हा बसावे. मधल्या वेळात ताल हाताने धरावा, ऐकावे. तेही शिक्षणच आहे.

खरी गडबड बैठकीत असते. पेटी मोठ्यांच्या मापाने केलेली. लहान मूल जमिनीवर बसले की पट्ट्या त्याच्या छातीपर्यंत येतात. मग खांदे वर चढतात, मान आत जाते. त्यात एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, म्हणून कंबरेत पीळ पडतो. उपाय बिनखर्चाचा आहे. मुलाखाली पाट किंवा घडी घातलेली गोधडी द्यावी. कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला आले की खांदा आपोआप खाली येतो. भाता बोटांनी हलका चालवावा, दंडाच्या जोराने नव्हे. तबल्याचेही तसेच. डग्गा फार उंच झाला तर मनगट मागे मोडते, म्हणून चुंबळ बेताची हवी आणि जमल्यास लहान मापाची जोडी घ्यावी.

बासरी प्रत्येकाची स्वतःची असावी; एकीच्या तोंडाची दुसरीच्या तोंडाला नको. पुढचे दुधाचे दात पडून सहा ते आठ या वयात पक्के येतात. दात हलत असताना फुंकर नीट लागत नाही, त्यात मुलाचा दोष नसतो. जोरजोरात फुंकल्याने चक्कर आली तर बसून शांत श्वास घ्यावा. दम्याच्या मुलाला बासरी वर्ज्य नाही, पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. लांब बासरीची भोके चिमुकल्या बोटांना पुरत नाहीत, लहान बासरीच बरी.

कानांकडे मात्र कोणी पाहत नाही. पत्र्याच्या छपराखाली, बंद खोलीत पंधरा तबले एकदम वाजतात. ८५ डेसिबलच्या वर आवाज बराच वेळ सोसला तर ऐकण्याची शक्ती कायमची घटू शकते. वर्गातून आल्यावर कानात गुणगुण राहिली, तर आवाज जास्त होता असे समजावे. खिडक्या उघडाव्यात, मुलांच्या तुकड्या कराव्यात. गणपतीच्या आधी ढोल-ताशाच्या सरावाला जाणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत. त्यासाठी बाजारात मिळणारे फोमचे बोळे वापरावेत, कापूस पुरत नाही.

वर्ग शक्यतो सकाळी असावा. भर उन्हात चालत येऊन मुलाने लगेच वाजवायला बसू नये, आधी पाणी प्यावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रारंभिक' परीक्षा याच वर्षी द्यायची म्हणून दुखऱ्या हाताला तेल चोळून, वर क्रेप बँडेज बांधून मुलाला वर्गाला पाठवणारे पालक आहेत. ती परीक्षा पुढच्या खेपेलाही देता येते. हाताला दोन-तीन दिवस विश्रांती द्यावी, मग थोडे थोडे सुरू करावे. आठवड्याभरात उतार पडला नाही, रात्री झोपमोड होऊ लागली किंवा बोटे बधिर झाली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जाताना मूल वाद्यापुढे कसे बसते, ते त्यांना बसून दाखवायला सांगावे. निम्मे निदान त्यातच होते.