घरची एस्प्रेसो बिघडते कोठे?

पूर्वी आपल्याकडे लग्नात जेवणे आटोपली की ‘एस्प्रेसो’ कॉफीच्या यंत्राभोवती मुलांची झुंबड उडत असे. फुस्स करून वाफ सुटायची, पेला फेसाने भरायचा आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरली जायची. ती कॉफी गोड आठवणीची खरी. पण ती एस्प्रेसो नव्हती. दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी वाफेने फेसाळून दिलेली असे. खऱ्या एस्प्रेसोत दूध नसतेच. बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी मोठ्या दाबाने काढलेला तो घोटभर अर्क होय.

आता या अर्काची यंत्रे घरोघरी येऊ लागली आहेत. कमावता मुलगा किंवा मुलगी हौसेने यंत्र आणते. पंधरा दिवस कौतुक होते. मग कॉफी एक दिवस आंबट, दुसऱ्या दिवशी कडूजहर लागते. दुधाला साबणासारखा फेस येतो. “आपल्या हाताला गुणच नाही,” असे म्हणून यंत्रावर कापड पडते. हजारो रुपयांची वस्तू अशी धूळ खात राहावी हे आम्हाला पटत नाही. चव बिघडण्याला कारण असते आणि कारण सापडले की उपायही सापडतो.

दाब आणि दळण

मिलान शहरातील लुईजी बेझ्झेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबावर चालणारे यंत्र काढले; पण वाफेमुळे कॉफी करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्याच अकिले गाज्जिया यांनी दांड्याच्या यंत्राने गरम पाणीच जोराने दाबले आणि पेल्यात वर सोनेरी साय आली. तिला ‘क्रेमा’ म्हणतात. आजच्या घरगुती यंत्रात हेच काम पंप करतो. खोक्यावर १५ बार लिहिलेले असले तरी एस्प्रेसोला सुमारे ९ बार दाब पुरतो.

दाब यंत्र देते, अडवणूक मात्र दळणाने करायची असते. दळण जाड असेल तर पाणी सरळ निघून जाते. फार बारीक असेल तर थेंब थेंब गळते. मिक्सरमध्ये काही पूड आणि काही कणी होते, म्हणून लहानशी हातचक्की बरी. फिल्टर कॉफीची तयार पूड एस्प्रेसोला बहुधा जाड पडते आणि तीत पुष्कळदा चिकोरीही असते. भाजल्याची तारीख लिहिलेल्या बिया थोड्याथोड्या आणाव्यात. चिकमगळूर आणि कोडगूच्या बिया आपल्याकडे सहज मिळतात.

वजन आणि घड्याळ

दागिन्यांसाठी वापरतात तसा लहान काटा घ्यावा. दोन पेल्यांच्या चाळणीत साधारण १८ ग्रॅम पूड घालावी. चाळणी निराळ्या मापाची असेल तर तिच्या मापाने घ्यावी. सुईने गुठळ्या मोडून पूड सारखी पसरावी आणि दट्ट्याने सपाट दाबावी. दाब तिरका पडला तर पाणी कमकुवत जागेतून वाट काढते आणि एकाच कपात आंबट व कडू दोन्ही उतरते. यंत्र पंधरा-वीस मिनिटे आधी तापत ठेवावे.

पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम अर्क यावा, म्हणजे पुडीच्या दुप्पट. पुडीतला आंबटपणा आधी उतरतो, गोडवा मागून, कडवटपणा शेवटी. म्हणून अर्क लवकर येऊन आंबट लागला तर दळण बारीक करावे. रेंगाळत येऊन कडू लागला तर जाड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दळण, वजन आणि वेळ एकदम बदलले तर कशाने सुधारले ते कळत नाही.

दुधाचा फेस

पिशवीतले पाश्चराइज्ड दूध थंडच घ्यावे. टोन्ड दुधात ३ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो. फेस धरतात ती प्रथिने, स्निग्धांशाने दाटपणा येतो. तेव्हा दोन्ही चालतात. सुटे दूध मात्र आधी उकळून, गार करून, साय काढूनच वापरावे. यंत्राची क्षणभराची वाफ कच्चे दूध निर्जंतुक करीत नाही.

वाफेच्या नळीतले पाणी आधी काढून टाकावे. नळीचे टोक दुधाच्या पृष्ठभागाखाली जेमतेम बुडवावे. कागद फाटल्यासारखा बारीक आवाज येईल. भांडे कोमट होईपर्यंतच हवा घ्यावी. मग टोक थोडे खोल आणि एका बाजूला नेऊन दुधाचा भोवरा करावा, त्यात मोठे बुडबुडे मोडतात. तळहाताला भांडे धरवेनासे झाले की वाफ बंद करावी. तेव्हा दूध साधारण ६० ते ६५ अंश तापलेले असते. त्यापुढे गोडी जाते आणि शिजका वास येतो. भांडे हलकेच आपटून, फिरवून लगेच ओतावे. दूध रंगाच्या डब्यातल्या तैलरंगासारखे चकाकले पाहिजे.

नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वाफ सोडावी, नाहीतर आत दूध वाळून कुजते. वाफेने क्षणात भाजते, म्हणून लहान मुलांना दूर ठेवावे. अर्क चालू असताना चाळणीची मूठ कधीही सोडवू नये.

शेवटी एक सूचना. यंत्राजवळ एक वही टांगावी. तीत पुडीचे वजन, अर्काचे वजन, सेकंद आणि चव एवढे चार रकाने असावेत. आठ दिवसांत आपल्या घरचे माप ठरते. माप वहीत असले म्हणजे वडील, मुलगा, सून, कोणीही कॉफी करू शकतो. मग पाहुणे आले की उठण्याची पाळी दरवेळी एकट्या गृहिणीवर येत नाही.