सात सीटची गाडी घ्यायचीय? आधी आजीला तिसऱ्या रांगेत बसवून बघा

आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन पोरं आणि ऐनवेळी 'मी पण येते' म्हणणारी आत्या. वर्ध्यातल्या अशा घराला पाच सीटची गाडी पुरत नाही. त्यात 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्याने शिर्डी एका दिवसाच्या टप्प्यात आली आणि सात सीटच्या गाडीचा विषय घराघरात निघू लागला.

शोरूममध्ये गेलं की सगळ्याच गाड्यांना एसयूव्ही म्हणतात. खरं तर यात तीन जाती आहेत.

सफारी, अल्काझार या क्रॉसओव्हर. दिसायला दांडग्या, पण बांधणी साध्या कारसारखी, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच. दुसरी जात अमेरिकेतल्या मिनीव्हॅनची, जिला आपण एमपीव्ही म्हणतो: एर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा हायक्रॉस. तिसरी स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनरची. यात खाली ट्रकसारखी लोखंडी लॅडर फ्रेम असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. इनोव्हा क्रिस्टा मात्र गोंधळात टाकते. तिची फ्रेम तिसऱ्या जातीची आणि आतली बैठक दुसऱ्या जातीची.

फरक कळतो तो तिसऱ्या रांगेत. लॅडर फ्रेममुळे गाडीचा तळ वर येतो. चढायला उंच आणि आत बसलं की गुडघे छातीशी. क्रॉसओव्हरचं छत बहुधा मागे उतरतं, त्यामुळे डोकं टेकतं. एमपीव्हीचं छत मागेपर्यंत सपाट आणि तळ खाली असतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तीच बरी पडते, मग शेजारी काही का म्हणेनात.

आता सामानाचं. तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाची डिकी 209 लिटरची, हायक्रॉसची 300 लिटरची. सात जणांच्या बॅगा दोन्हींत मावत नाहीत. मग टपावर कॅरियर येतं. टपावर वजन चढलं की गाडीचा तोल वर सरकतो आणि 120 च्या वेगात अचानक लेन बदलावी लागली तर ते महागात पडू शकतं. उंच एसयूव्हीत हा धोका आणखी वाढतो.

'पण आपल्याला शेतात जायला मोठीच गाडी लागते,' असं म्हणणारे भेटतातच. खडबडीत रस्त्यावर उंच गाडी कामाची, हे खरंच. पण पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण लागली की टू-व्हील ड्राइव्ह एसयूव्हीसुद्धा रुतते. फोर-व्हील ड्राइव्ह काही महागड्या मॉडेलमध्येच मिळते. वर्षातून चार वेळा पांदणीत जायचं असेल, तर त्यासाठी लाखो रुपये जास्त मोजायचे का, हा हिशेब घरीच करा.

कराचा फरक आता उरलेला नाही. चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून सरसकट 40 टक्के जीएसटी आहे. त्याआधी सेस धरून एर्टिगावर 45 आणि फॉर्च्युनरवर 50 टक्के लागायचा.

टेस्ट ड्राइव्ह मे महिन्यात, भर दुपारी घ्या. वर्ध्यात पारा 45 च्या आसपास असताना पुढच्या सीटवर गारवा लागतोच. तिसऱ्या रांगेत एसीची हवा पोहोचते का, ते अर्धा तास तिथे बसून बघा. हेडरेस्ट आणि तीन टोकांचा सीटबेल्टही तपासा. मागून ट्रक धडकला तर तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या पाठीमागे जागा फारच थोडी असते.

आणि गाडी कुठलीही घ्या, ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर वाचा. दोन माणसं असताना टायरमध्ये हवा किती आणि गाडी भरलेली असताना किती, हे बहुतेक गाड्यांत तिथेच लिहिलेलं असतं. सात जण बसवून समृद्धीवर चढण्याआधी, टायर थंड असतानाच, तेवढी हवा भरून घ्या.