परदेशी शिक्षण : मुलांच्या नकारामागे काय असते

बंगळुरूत पीयूसी (अकरावी-बारावी) करणाऱ्या मुलांपुढे केसीईटी, कॉमेडके, जेईई या प्रवेशपरीक्षांची मळलेली वाट असते. वर्गमित्र तीच धरतात, क्लासही तिचीच तयारी करून घेतात. घरात परदेशी विद्यापीठाचा विषय निघाला, की अनेक मुले पुरते ऐकून न घेताच नकार देतात. त्या नकाराची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाला उत्तरही वेगळे लागते. म्हणून समजूत घालण्याआधी कारण शोधावे.

काही मुलांना पैशाची धास्ती असते. आईवडिलांवर बोजा नको, हे ती बोलून दाखवत नाहीत. इथे कोरड्या धीरापेक्षा हिशेब उपयोगी पडतो. जर्मनीतील बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. मात्र व्हिसासाठी राहण्याजेवण्याचा वर्षभराचा खर्च आधीच खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. बचत किती, कर्ज किती, ते कोण फेडणार, हे मुलासमोर कागदावर मांडावे.

काहींना एकटेपणाची भीती वाटते. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा न्यू जर्सीच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता. तिथे पोहोचल्यावर त्यांना कार्पेंटर यांच्याच घरी आसरा मिळाला. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत आपण का जात आहोत, हे आनंदीबाईंनी स्वतः सांगितले. पलीकडे ओळखीचे माणूस आणि निर्णयाला स्वतःचे कारण, या दोन गोष्टी आजही तितक्याच लागतात. आपल्याच कॉलेजमधून एक-दोन वर्षांपूर्वी गेलेल्या विद्यार्थ्याशी मुलाला मोकळेपणी बोलू द्यावे; त्या वेळी आईवडिलांनी तिथे बसू नये. इंदिरानगरच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा वर्ग लावला, तर परक्या भाषेची धास्ती घरी राहूनच कमी होते. एजंटाचा सल्ला मात्र पारखून घ्यावा, कारण अनेक एजंटांना विद्यापीठांकडून कमिशन मिळते.

कधी नकाराला भक्कम आधार असतो. भारतीय विज्ञान संस्थेत २०११ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तिथे शिकू पाहणाऱ्या मुलाचे म्हणणे मानावे. पदवी इथे आणि पुढचे शिक्षण परदेशात, हा मार्ग खुलाच राहतो. जर्मनीत तर नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही; जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होणे, भारतात पदवीचे एक वर्ष पूर्ण करणे किंवा तिथला पूर्वतयारी वर्ग, असे पर्याय असतात.

वेळेचे भान ठेवावे. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांची पहिली मुदत १ नोव्हेंबरला संपते. दोन्ही तारखा बारावीच्या पहिल्या सहामाहीनंतर लगेच येतात, म्हणून बोलणे अकरावीतच सुरू व्हावे. प्रवेश घेण्याचे बंधन घालणारे काही अर्ज सोडले, तर अर्ज केला म्हणजे जावेच लागते असे नाही. प्रवेश नाकारता येतो, काही विद्यापीठे तो वर्षभर पुढेही ढकलू देतात. हे कळले, की मुलाला अर्ज भरण्याचे दडपण वाटत नाही.

एवढे सारे पाहून, विचारून मूल ‘नाही’ म्हणाले, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. आईवडिलांनी तो मान्य करावा. तिथे राहून शिकायचे आहे ते मुलालाच.