हे सांगतंय कोण?

मराठीच्या तासाला ‘निवेदक’ हा विषय बहुधा दोन वाक्यांत उरकला जातो. गोष्टीत ‘मी’ असेल तर प्रथमपुरुषी, ‘तो’ किंवा ‘ती’ असेल तर तृतीयपुरुषी. मुलं ते वहीत उतरवून घेतात, कृतिपत्रिकेत बरोबर लिहितात आणि मोकळी होतात. पण ‘मी’ म्हणणाऱ्या त्या मुलाला काय दिसतं, काय दिसतच नाही आणि दिसलेल्याचा तो कोणता अर्थ लावतो, हे विचारायचं राहूनच जातं. ते शिकवायला कुमारवयाच्या निवेदकाची कादंबरी मला सगळ्यांत योग्य वाटते. निवेदक आणि वाचक एकाच वयाचे असले की निवेदकाची चूक वाचकाला आतून कळते.

असे निवेदक मराठीत भरपूर आहेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यात लहानगा श्याम बोलतो असं आपण धरून चालतो. खरं तर बोलतो तो मोठा झालेला श्याम, आश्रमातल्या सोबत्यांपुढे, रोज रात्री एक आठवण. आईच्या वागण्याचा अर्थ त्याला केव्हाच उमगलेला आहे, त्यामुळे प्रत्येक प्रसंग त्या अर्थाकडेच निघालेला असतो. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधल्या (१९९४) लंपनला अशी मागून आलेली समज नाही. आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा कानडी वळणाच्या मराठीत, त्या क्षणी जे वाटतं ते सांगत सुटतो. आई-वडील दूर असल्याचं दुःख तो फारसं बोलून दाखवत नाही, तरी वाचकाला ते कळत राहतं. ‘वनवास’ हा कथासंग्रह आहे, आणि वर्गात तर ती सोयच. ‘बनगरवाडी’त (१९५५) व्यंकटेश माडगूळकरांचा तरुण मास्तर ‘मी’ म्हणतो खरा, पण गोष्ट धनगरांच्या वाडीची आहे. सांगणारा आणि नायक एकच असायला हवा, हा मुलांचा समज त्या एका पुस्तकानं दूर होतो.

तरीही एकच पुस्तक निवडायचं झालं तर मी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) निवडेन. नववीतला मुकुंद जोशी सांगतो आणि आपण त्याच्या बाजूचे होऊन जातो. आणीबाणीचा काळ आहे, पण मुकुंदचं लक्ष शिरोडकर या मुलीकडे लागलेलं, म्हणून देशातली एवढी मोठी घडामोड कादंबरीत मोठ्यांच्या बोलण्यातून, कडेकडेनं येते. ते तसं का येतं, हे नववीच्या मुलांना विचारावं. पुढचा प्रश्न अवघड आहे. शिरोडकरच्या मनात काय चाललंय, हे आपल्याला कुठे कळतं? तिचं हसणं, बघणं, गप्प राहणं आपल्यापर्यंत येतं ते मुकुंदनं लावलेल्या अर्थासकट. त्याच्या निवेदनात ती आडनावानंच वावरते, जशी त्या काळच्या वर्गात मुली वावरत. मुकुंदचा मित्र सुऱ्या जिच्या मागे असतो ती मुलांच्या तोंडी ‘केवडा’. मुलांच्या टोळक्यात जी गंमत किंवा प्रेम वाटतं, ते या मुलींना तसंच वाटत असेल का? हा प्रश्न वर्गात उभा राहिला की ‘दृष्टिकोन’ म्हणजे काय, ते वेगळं समजावावं लागत नाही. यानं कादंबरी कमी ठरत नाही. बोकिलांनी मुकुंदला त्याच्या वयापेक्षा शहाणं केलेलं नाही, म्हणून तर हे प्रश्न विचारता येतात.

अमेरिकेत एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ (१९६७) कितीतरी पिढ्या शाळांमधून वाचली जाते. लेखिका तेव्हा विशीच्याही आतली मुलगी, आणि निवेदक चौदा वर्षांचा मुलगा, पोनीबॉय. आपण वाचलं तो त्याचा शाळेतला निबंध होता, हे शेवटी उलगडतं. आर. जे. पलासिओ यांच्या ‘वंडर’मध्ये (२०१२) चेहऱ्यात जन्मजात वेगळेपण असलेला ऑगस्ट आधी स्वतः बोलतो, मग त्याची बहीण व्हिया बोलू लागते, आणि भावाच्या गोष्टीत तिच्या वाट्याला काय आलं ते तिथे प्रथम दिसतं. एका घराच्या दोन गोष्टी होतात.

आपल्या मुलांना निवेदक बदलणं नवं नाही. ‘मी फळा बोलतोय’, ‘फाटक्या पुस्तकाचं मनोगत’ असले निबंध ती लहानपणापासून लिहितात. दुर्दैवानं गाइडमधला फळा, छत्री आणि वडाचं झाड एकाच आवाजात एकच उपदेश करतात. फळ्याला वर्गाची एकच बाजू दिसते, हे कोणी लिहीत नाही. लिहिलं तर गुण मिळतील, याची मुलांना खात्री नसते.

तेव्हा नववी-दहावीला मराठी शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘निवेदक ओळखा’ हा प्रश्न या वर्षी बाजूला ठेवा. ‘शाळा’तला एक प्रसंग वर्गात मोठ्यानं वाचा आणि तोच प्रसंग मुलांना शिरोडकरच्या किंवा केवडाच्या तोंडून लिहू द्या. मुलग्यांनाही. त्या वह्या तपासताना शुद्धलेखनाचे गुण कापू नका.